नवरात्रात सुकट कोण भाजतंय? स्टॅपेलिया आणि बोगद्याकडच्या मामांची नर्सरी, दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

आधी रेटिंग टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी तेवढं बघून निघा. झाडाला पाचपैकी साडेचार. मामांना चार. आणि ज्या ऑनलाइन साइटवरून मी आधी हेच झाड मागवलं होतं तिला शून्य देता येत नाही म्हणून एक, आणि तिचं नावही लिहीत नाही कारण भांडण तिकडे मेलवर करून झालंय, परत इथे नको.

मामांचंही नाव लिहिता येणार नाही, त्याचं कारण वेगळं, नर्सरीला नावच नाही. पाटी नाही, फलक नाही, मॅपवर टाकलेलं नाही. साताऱ्यात समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जायला लागलात की एका घराच्या कंपाउंडवर जुने ऑइलचे डबे ओळीने मांडलेत आणि प्रत्येकात काहीतरी काटेरी नाहीतर मांसल उगवलंय, तेच. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, सगळे मामा म्हणतात, मीपण मामाच म्हणते. विकायला जे असतं ते घराच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये, अर्धा पत्रा आणि अर्धा प्लास्टिकचा पारदर्शक. अख्ख्या साताऱ्यात झेडझेड, स्नेक प्लांट, जेड ही नेहमीची सोडून वेगळं काही सक्युलंट, म्हणजे पाणी साठवणारं मांसल झाड, हवं असेल तर मला तरी दुसरी जागा सापडलेली नाही.

आता झाड. स्टॅपेलिया जायगँटिया. ऑनलाइन सगळीकडे स्टारफिश कॅक्टस म्हणून विकतात आणि ते चूक आहे, हा कॅक्टसच नाही. खोडं चौकोनी, वीतभर उंच, हिरवी, हात लावला की मखमलीसारखी लव लागते, कडांना बारीक दातरे आहेत पण ते टोचत नाहीत, मऊ असतात. पानं जवळजवळ नाहीतच. लांबून बघितलं तर वाटतं कुणीतरी कुंडीत हिरव्या मेणबत्त्या खोचून ठेवल्यात. मूळचं दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, मलावी, टांझानिया त्या पट्ट्यातलं. आणि घराणं कुठलं म्हणाल तर आपल्या रुईचं! शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो तीच रुई. कण्हेर, सदाफुली, देवळापुढचा पांढरा चाफा, हौसेने आणतो ते अडेनियम, सगळी एकाच कुळातली मंडळी. रुईसारखा पांढरा चीक मात्र याला नाही, कापलं की पाण्यासारखा रस येतो.

हे मला आधी काहीच माहीत नव्हतं. मी फोटो बघून भुलले. फोटोत ताटाएवढं चांदणीच्या आकाराचं पिवळं फूल आणि खाली ४४९ रुपये, डिलिव्हरी वेगळी. मागवलं जून २०२३ मध्ये. पार्सल नऊ दिवसांनी आलं, बॉक्स खालून ओला होता, उघडला तर आत ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) गुंडाळलेली तीन काळी बोटं, धरली की हातातच पिचकली. वास तेव्हाही आला होता खरं तर, पण तो खऱ्या कुजण्याचा. फोटो पाठवले, मेल केले, शेवटी पैसे परत नाहीतच, त्याच साइटवर वापरायचं कूपन दिलं, जे मी वापरलं नाही आणि वापरणारही नाही. भर पावसाळ्यात मांसल खोडाचं झाड ओलं करून प्लास्टिकमध्ये बंद करून पाठवतं का कुणी?

ऑफिसातल्या एकीने मामांचा पत्ता सांगितला. नोव्हेंबर उजाडला जाईपर्यंत. गेले तर मामा स्टुलावर बसून एका कुंडीतून खोडं कापत होते, ब्लेड स्पिरिटने पुसायचं, एक कट, परत पुसायचं, कापलेल्या तोंडाला चुलीची राख लावायची आणि वर्तमानपत्रावर ओळीने आडवी ठेवायची. मी म्हटलं लगेच लावत नाही का. "आवं ताई, जखम हाय ती. वली जखम मातीत घातली तर सडंल का न्हाई? आठ दिस वाळू द्यायची, खपली धरली की मग माती." एवढं एक वाक्य त्या साइटवाल्यांनी ऐकलं असतं तर माझे साडेचारशे वाचले असते.

मला त्यांनी चार खोडांची चार इंची कुंडी दीडशेला दिली. कुंडीवर ऑइलपेंटने तारीख आणि "मोठा तारा". मामांकडे नावं अशीच आहेत, मोठा तारा, छोटा तारा, म्हातारीचे दात, गोटे. शास्त्रीय नाव विचारलं तर म्हणतात तुम्ही शिकलेल्या, तुम्ही बघा मोबाइलवर. बघितलं मग. या वंशाला स्टॅपेलिया नाव लिनियसने दिलं, झाडांना शास्त्रीय नावं देणारा तो स्वीडनचा शास्त्रज्ञ, बोडेअस फान स्टापेल नावाचा अ‍ॅमस्टरडॅमचा एक डॉक्टर होऊन गेला सतराव्या शतकात, त्याच्यावरून. ज्याच्या नावावर जगातली एवढी घाणेरड्या वासाची फुलं आहेत त्याच्या नातेवाइकांना काय वाटलं असेल कोण जाणे.

मी दोन कुंड्या मागितल्या होत्या. एकच दिली! म्हणाले एक वर्ष जगवून दाखवा मग दुसरी न्या, मेली तर दोन्ही मरतील, दोन कशाला मारता. गिऱ्हाइकाला असं बोलणारा दुकानदार मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला, तेव्हा रागच आला खरं तर. आता कळतंय.

पण मला पटकन विकत घ्यावंसं वाटलं ते भलत्याच कारणाने. माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या बाजूचं. लहानपणी शेळ्यांमागे माळावर गेलो की माकडशिंगी शोधायचो, झुडपांच्या बुडाशी उगवते, करंगळीएवढी चौकोनी हिरवी दांडी, मोडायची, फ्रॉकच्या खिशात मिठाची पुडी असायचीच, मीठ लावून कचाकचा खायची. कडसर, आंबटसर, पाणी पाणी. तर मामांच्या त्या वर्तमानपत्रावरची खोडं बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि मी बोलून गेले, मामा ही तर माकडशिंगीच्या वाणाची दिसतात. ते इतके खूश झाले की दहा रुपये कमी केले (मग सुट्टे नव्हते म्हणून परत दीडशेच झाले, ती गोष्ट सोडा). खरंच निघालं तसं, माकडशिंगी म्हणजे कॅरॅलुमा, स्टॅपेलियाची सख्खी चुलत बहीण. आफ्रिकेचं म्हणून कौतुकाने आणलं आणि निघालं आमच्याच माळावरच्या भावकीतलं.

तेव्हापासून मी या झाडाला माळावरच्या झाडासारखंच वागवते आणि मला वाटतं ते जगलं ते त्यामुळेच. कारण आपली सवय काय असते, सकाळी उठलं की तुळशीला तांब्याभर, मग उरलेलं पाणी शेजारच्या कुंडीला, मग अजून एका. तुळशीच्या शेजारी हे ठेवलंत की संपलं. माझ्या सासूबाईंनी पहिल्या महिन्यात तेच केलं, त्यांना कोरडी कुंडी बघवत नाही, "अगं लेकरासारखं असतंय झाड, उपाशी ठेवतीस का" असं म्हणून गुपचूप घालायच्या. एक खोड बुडापासून पिवळं आणि मग तपकिरी व्हायला लागलं, दाबलं तर मऊ. मामांना फोटो दाखवला, म्हणाले वरचा चांगला भाग कापून वेगळा वाळवा, बाकीचं फेका, माती बदला. वाचवलं ते. त्यानंतर कुंडी उचलून दक्षिणेकडच्या गॅलरीत टांगली, आईंचा हात पोचत नाही एवढ्या उंचीवर.

माती हा मामांचा मायनस पॉइंट, एक मार्क तिथे कापलाय. त्यांनी दिलेल्या कुंडीत लाल माती फारच होती, उन्हाळ्यात तिची वीट झाली, पाणी घातलं की कडेने खाली पळतं आणि मधला गोळा कोरडाच. त्यांना सांगितलं तर म्हणाले माझ्याकडं चालतंय. त्यांच्याकडे चालतं कारण ते रोज बघतात, डब्यांना खालून आणि बाजूंनी भोकं पाडलीत. माझं मिश्रण आता असं आहे: निम्मी क्रशरची कच (दगडाची बारीक खडी), चाळून आणि धुऊन, धुणं महत्त्वाचं नाहीतर त्यातली भुकटी सिमेंटसारखी बसते, पावभाग विटांचा चुरा, आमच्या मागे बांधकाम चालू आहे तिथून फुकट, आणि पावभाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कोकोपीट अजिबात नको, आपल्या हवेत ते पावसाळाभर ओलं राहतं. कुंडी मातीचीच, पसरट, मुळं खोल जात नाहीत, खोडं आडवी पसरत जातात आणि जिथे टेकतील तिथे मूळ धरतात.

पाण्याचं गणित साताऱ्याच्या हवेत सांगते, पुण्या-मुंबईला वेगळं असेल. मार्च ते मे आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर, भोकातून निघेपर्यंत, मग परत पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली येता कामा नये, हवेतली ओलच पुष्कळ होते, मी जून ते ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांनी अर्धा पेला घालते, तेसुद्धा ऊन पडलेलं बघून. सप्टेंबर-ऑक्टोबर कळ्यांचा मोसम, तेव्हा आठवड्याला. थंडीत डिसेंबर-जानेवारी महिन्यातून एकदा, खोडं जरा सुरकुततात, घाबरायचं नाही, मार्चमध्ये परत फुगतात. ही झाडं दिवसा तोंड मिटून बसतात, म्हणजे पानांना-खोडांना जी बारीक छिद्रं असतात ती रात्री गारव्यात उघडतात आणि तेव्हा हवा आत घेतात, पाणी वाचवायची युक्ती, कॅक्टस आणि अननसही तेच करतात. ऊन सकाळचं तीन-चार तास पाहिजेच. भर मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात खोडं लालसर-जांभळी होतात, दिसायला छान दिसतात पण वाढ थांबते. हिवाळ्यात आमच्या गॅलरीत ऊन पार आतपर्यंत येतं, अजिंक्यतारा किल्ल्याच्या बाजूने, तेव्हा मजेत असतं.

कीड एकच छळते, मिलीबग. द्राक्षवाल्यांना विचारा, ते रात्रीची झोप घालवतात तेच. पांढरा कापूस चिकटल्यासारखा खोडांच्या बेचक्यात दिसतो, तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानाच्या काडीने पुसला की जातो. पण हा मुळांनाही लागतो आणि तेव्हा वरून काहीच दिसत नाही, फक्त झाड पाणी घालूनही फुगत नाही. माझं मागच्या वर्षी तसं झालं. उपटलं, मुळं धुतली, दोन दिवस सावलीत वाळवलं, नवी माती.

चला आता मुद्द्यावर, फूल.

पहिलं वर्ष काहीच नाही. २०२४ च्या सप्टेंबरात एका खोडाच्या बुडाशी वाटाण्याएवढी गाठ दिसली, मला वाटलं परत काहीतरी रोग. ती वाढत गेली, लिंबाएवढी झाली, मग फुगवलेल्या कागदी पिशवीसारखी, पाच बाजूंची, टोकदार, फिकट हिरवट. मी रोज मोबाइलवर फोटो काढायची. मामांनी एकच सूचना दिलेली, कळी आली की कुंडी जागची हलवायची नाही आणि तहानेने सुकू द्यायची नाही, गळते. हलवली नाही. आणि घट बसले, आणि तिसऱ्या माळेला दुपारी बाराच्या सुमारास सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, नाकाला पदर लावलेला.

"सुकट भाजतंय कोणतरी."

मलाही आला. तोच वास, तव्यावरची सुकट आणि त्याखाली अजून काहीतरी जडसर, मटणाच्या दुकानामागून जाताना येतो तसा. आमच्याकडे नऊ दिवस कांदा-लसूणसुद्धा बंद, देवघरात अखंड दिवा, आणि वास आमच्याच घरात फिरतोय. आईंनी निकाल देऊन टाकला की खालच्या काकूंचं काम आहे, त्यांच्याकडे पाहुणे आलेत, त्यांना काही नवरात्राचं नाही. मी म्हटलं आई, काकू स्वतः नऊ दिवस उपास करतात, कशाला भाजतील. ऐकतात कुठे, जिन्यातून खाली गेल्या, बेल मारली. खालच्या काकू साबुदाण्याची ताटली हातात घेऊनच दारात आल्या. पुढचं मी लिहीत नाही, दोघींचं बोलणं दसऱ्यापर्यंत बंद होतं.

आणि मी गॅलरीत गेले तर हे उमललेलं.

पट्टी लावून मोजलं, टोकापासून टोकापर्यंत अकरा इंच, म्हणजे आमचं रोजचं जेवायचं ताट. नोंद अशी आहे की याहून मोठीही होतात, चाळीस सेंटिमीटरपर्यंत. रंग फिका पिवळा, पिकलेल्या केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा, त्यावर आडव्या बारीक लाल-तपकिरी रेघा, हजारो, जशा म्हाताऱ्या माणसाच्या तळहातावर असतात तशा उंचसखल. पाकळ्यांच्या कडेला लांब मऊ केस, वाऱ्याने हलणारे. बोट लावलं तर थंड, रबरासारखं. ते सगळं मिळून दिसतं मेलेल्या जनावराचं कातडं, आणि तोच त्याचा डाव आहे. मधमाशी-फुलपाखरू याला नकोच, याला माशी पाहिजे, मेलेल्या जनावरावर बसणारी. तिला वाटतं मांस आहे, ती अंडी घालायला उतरते, इकडेतिकडे चालते, तिच्या पायाला नाहीतर सोंडेला परागाच्या दोन पुड्यांची जोडगोळी अडकते, चिमट्यासारखी, आणि ती दुसऱ्या फुलावर फसायला जाते. रुईचंही परागाचं काम असंच जोडगोळीचं असतं.

मी मोबाइलचा टॉर्च मारून मधोमध बघितलं. हिरव्या चमकणाऱ्या तीन माश्या, उडायलाच तयार नाहीत. आणि मधल्या लालसर खळग्याच्या कडेला पांढरा ढीग, रव्याच्या कणांसारखा, पण कण लांबट आणि सगळे एका दिशेला लावून ठेवल्यासारखे. अंडी. मला आधी कळलंच नाही, परागकण वाटले. दुसऱ्या दिवशी त्यातले काही वळवळत होते. त्या अळ्यांना तिथे खायला काहीच नाही, फूल आहे ते, मांस थोडंच आहे, एक-दोन दिवसांत मरतात. एवढं सुंदर फूल आणि एवढी पक्की फसवणूक, मी दहा मिनिटं तशीच टॉर्च धरून उभी होते, आतून आई ओरडतायत की खिडकी लाव.

वासाबद्दल प्रामाणिकपणे: मामांनी सांगितलेलं "जरा वास येतो". जरा!! या एका शब्दासाठी त्यांचा अर्धा मार्क कापणार होते, मग जाऊ दे म्हटलं. ऊन चढलं की वास चढतो, दुपारी बारा ते चार सगळ्यात वाईट, संध्याकाळी गार झालं की नाक जवळ नेल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दिवशी जोरात, दुसऱ्या दिवशी निम्मा, तिसऱ्या दिवशी फूल मिटायला लागतं. म्हणजे एका फुलाचा त्रास दोन दिवसांचा. ज्यांच्याकडे बंद फ्लॅट आहे, गॅलरीला स्लायडिंग काच आहे आणि खाली तापट काकू आहेत त्यांनी घेऊ नका. गच्ची असेल, अंगण असेल, डोळे मिटून घ्या. आम्ही आता ऑगस्ट संपता संपता, कळ्या दिसायच्या आधीच, कुंडी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत नेऊन ठेवतो, तिथे वरून पत्रा आहे. २०२५ मध्ये चार फुलं आली आणि आईंना पत्ताही नव्हता, मी फोटो दाखवल्यावर म्हणाल्या एवढं मोठं फूल देवीला वाहिलं असतं की. मी काही बोलले नाही.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला फार भारी वाटली. कासला जाऊन आलेल्या सगळ्यांनी गवतातून डोकावणारं ते कंदिलासारखं फूल बघितलेलं असतं किंवा गाइडने दाखवलेलं असतं, कंदीलपुष्प, सेरोपेजिया. त्याचाही धंदा हाच, माशीला फसवायचं, फक्त पद्धत वेगळी: नळीच्या आत खाली झुकलेले केस असतात, माशी आत घसरते, वर येता येत नाही, केस कोमेजले की सुटते आणि जाताना पराग घेऊन जाते. तर २०१७ मध्ये काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी अख्खा स्टॅपेलिया वंशच सेरोपेजियामध्ये विलीन केला, त्यांच्या हिशोबाने माझ्या टाकीजवळची कुंडी म्हणजे सेरोपेजिया जायगँटियाच. सगळ्यांनी ते मानलेलं नाही, नर्सरीवाले तर अजून कॅक्टसच म्हणतात. पण कासच्या पठारावरचं चिमुकलं कंदीलपुष्प आणि हे ताटाएवढं धूड एकाच आडनावाचं, हे ऐकल्यावर मामा पण दोन मिनिटं गप्प बसले होते, आणि मामा गप्प बसणं म्हणजे मोठी गोष्ट.

त्याच दिवशी मी त्यांना शिंदळ माकुडी आहे का विचारलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्रेरिया इंडिका, याच गोतावळ्यातली, जगात फक्त आपल्या महाराष्ट्राच्या कड्याकपारींत उगवते, आपल्या सज्जनगडाच्या कड्यावर, जुन्नरकडे शिवनेरीवर वगैरे. सर बार्टल फ्रियर म्हणून मुंबईचे गव्हर्नर होते त्यांच्या नावावरून फ्रेरिया. तिला पावसाळ्यात चांगली पानं असतात, बाकी बहिणींना जवळजवळ नसतातच, आणि फूल लालभडक गडद त्यावर पिवळे ठिपके, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. अतिशय दुर्मिळ, नामशेष व्हायच्या धोक्यातली. मामांकडे एक आहे, आतल्या खोलीच्या खिडकीत, कुणीतरी फांदीवरून वाढवून दिलेली. विकणार का म्हटलं तर असं बघितलं माझ्याकडे की मला उगाच विचारलं असं झालं. "गडावरनं आणल्यालं मी इकत न्हाई, आन् कुणी घिऊन आलं तर त्याला आधी बाहेर काढतो." गेल्या पावसाळ्यात दोन पोरं पिशवीत कायकाय घेऊन आली होती कड्यावरून, त्यांना चहा न देता हाकललं म्हणे. चहा न देणं ही मामांकडची सगळ्यात मोठी शिक्षा. मामांचे चार मार्क आहेत त्यातला एक निव्वळ याचा.

बाकी फटाफट. मामांकडे रोखच चालतं, क्यूआर कोड लावलाय पण तो मुलाच्या खात्याचा आहे आणि मुलगा पुण्याला असतो, त्यामुळे पैसे आले का ते फोन करून विचारत बसतात, त्यापेक्षा सुट्टे घेऊन जा. पार्सल करत नाहीत. पिशवी घरची न्या. किंमती सत्तर रुपयांपासून तीनशेपर्यंत, घासाघीस केली तर किंमत वाढते, मी स्वतः बघितलंय. लिथॉप्स म्हणजे ते दगडासारखे दिसणारे गोटे असतात कधीकधी, पण ते नवख्या माणसाला देत नाहीत, आधी काय काय जगवलंय ते विचारतात, मला अजून दिलेले नाहीत. झाड मेलं तर बदलून देत नाहीत, पण मेलेलं झाड घेऊन गेलात तर कुंडी उलटी करून मुळं बघून का मेलं ते सांगतात, फुकट, आणि जरा जास्तच वेळ सांगतात. स्टॅपेलिया पहिल्यांदा घेत असाल तर मार्चमध्ये घ्या, पुढे तीन महिने कोरडे मिळतात मूळ धरायला, पावसाळ्याच्या तोंडावर घेतलंत तर अर्धी लढाई आधीच हरलात.

दुसरी कुंडी मला मिळाली, वर्ष पूर्ण झाल्यावर. ती मी खालच्या काकूंना दिली. त्यांना सगळं खरं खरं सांगून, वासासकट. त्या म्हणाल्या ठेव, तुझ्या सासूच्या खिडकीखालीच ठेवते.

आणि हो, जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत नाहीतर पाचनंतर. दुपारी एक ते चार बेल वाजवू नका, झोपलेले असतात, आणि दार उघडलंच तर चार इंची कुंडीही मिळणार नाही.